कच्चा लिंबू आणि ३२० पानं

डबा ऐसपैसचे नियम मला कोणी समोर बसवून शिकवले नाहीत. वाड्याच्या चौकात संध्याकाळी मोठी मुलं जमायची, मी ताईच्या मागे उभी राहायचे, आणि डबा फेकायच्या आधी ताई एवढंच सांगून टाकायची, "ही कच्चा लिंबू." बास. मग मीही सगळ्यांबरोबर पळायचे, जिन्याखाली लपायचे, सापडायचे. ज्याच्यावर राज्य असेल तो माझं नाव घेऊन डबा आपटायचा, पण माझ्यावर राज्य यायचं नाही. दोन-तीन संध्याकाळी अशा गेल्यावर माझ्या लक्षात आलं की नुसतं लपून भागत नाही, राज्यवाला डब्यापासून किती लांब गेलाय तेही बघावं लागतं. आठवडाभराने मी पहिल्यांदा धावत येऊन डबा उडवला. "आता हिला कच्चा लिंबू नाही धरायचं," असं कुणीतरी ओरडलं, आणि ते वाक्य मी रात्री जेवताना आईला तीनदा ऐकवलं.

पत्त्यांचंही तसंच. मेंढीकोट मी मामाच्या शेजारी बसून, त्याच्या हातातले पत्ते बघत शिकले. व्यापाराच्या खोक्यात नियमांचा एक कागद होता. तो घरात कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. खेळ येणारं माणूस शेजारी असायचं आणि खेळ त्याच्याकडून आपल्याकडे यायचा.

ज्या खेळाबद्दल आज लिहायचं आहे, तो मात्र मला पुस्तकातून शिकावा लागला. माझ्या ओळखीत तो खेळणारं एकही माणूस नव्हतं.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हे त्याचं नाव, आणि त्याच्या जातीचे आता शेकडो खेळ आहेत. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार असतो: तो सांगतो की तुम्ही एका पडक्या देवळाच्या दारात उभे आहात, आतून पाणी ठिबकल्याचा आवाज येतोय, काय करता? बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करेल ते बोलतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. पट लागत नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं. मूळ खेळ इतका साधा आहे की तो एका परिच्छेदात सांगता आला. मी घेतलेलं त्याच्या नियमांचं पुस्तक मात्र ३२० पानांचं होतं, आणि ते तीनपैकी फक्त खेळाडूंचं. सूत्रधाराचं वेगळं, राक्षसांचं वेगळं.

मी पोटासाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. शेतीचे पंप, फवारणी यंत्रं, अशा गोष्टी. त्यामुळे जाड पुस्तक बघून मी घाबरत नाही. २०२३ च्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आला, बरोबर सोसायटीतली चार मुलं जमली, आणि मी तीन आठवडे पेन्सिल घेऊन वाचलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं. सकाळी दहाला बसलो. साडेबारा वाजले तेव्हा पाचपैकी तिघांची पात्रं तयार झाली होती आणि एकही फासा कथेसाठी पडला नव्हता. वंश कोणता, पेशा कोणता, पूर्वायुष्य काय, कोणत्या सहा गोष्टींत किती आकडा, कोणती कौशल्यं, कोणती शस्त्रं. यातलं काहीही कशासाठी लागतं हे मुलांना माहीत नव्हतं, तरी निवड मात्र आत्ताच करायची होती. दुकानात शिरल्या शिरल्या, आत काय विकतात हे कळायच्या आधी बिल मागावं तसं ते होतं.

अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिने सांगितल्याप्रमाणे चार फासे टाकले, सगळ्यात लहान सोडून बाकीच्यांची बेरीज केली, ती १६ आली. मी म्हटलं, छान, आता शेजारी अधिक ३ लिही, फासा टाकशील तेव्हा हा ३ त्यात मिळवायचा.

"आणि १६ चं काय करायचं?"

"त्याचं फारसं काही नाही. तो नुसता लिहून ठेवायचा."

"मावशी, मग १६ लिहायचंच कशाला?"

मला उत्तर येत होतं, पण ते खेळाचं नव्हतं, इतिहासाचं होतं. १९७४ साली हा खेळ निघाला तेव्हा तीन फाशांची बेरीज, म्हणजे ३ ते १८ मधला आकडा, हेच पात्राचं मोजमाप होतं. त्यातून मिळणारी अधिक-उणे भर तेव्हा नाममात्र होती. पुढच्या आवृत्त्यांत ती भर वाढत गेली, २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्या सहा गुणांना तिचं एकच कोष्टक लागू झालं, आणि खरा कारभार त्या छोट्या आकड्याकडे गेला. जुना आकडा मात्र जागेवर राहिला, कारण जुन्या खेळाडूंना तो हवासा वाटतो. त्याचा भार नव्याने आलेल्या मुलीने वाहायचा. पाथफाइंडर या भावंड खेळाने २०२३ च्या सुधारित आवृत्तीत जुने आकडे काढून टाकून फक्त अधिक-उणे ठेवलं, तेव्हा मला त्या मुलीची आठवण झाली. तिने विचारलं तेच त्यांनी केलं होतं.

त्या दिवशी जेवणानंतर मुलं क्रिकेट खेळायला गेली. मला वाईट वाटलं, आणि ते बरेच दिवस टिकलं. मुलांना खेळ आवडला नाही असं मला म्हणता येईना, कारण खेळ त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मग मी या पुस्तकांचा माग काढायला लागले. जुन्या आवृत्त्या आता विकत डाऊनलोड करता येतात. एकेक घेत, रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर वाचत गेले.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ छापला तो तीन बारीकशा पुस्तिकांत, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. घेणारा गिऱ्हाईक कोण असेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं: छोट्या शिशाच्या सैनिकांनी टेबलावर लढाया खेळणारी, त्यांच्यासारखीच माणसं. म्हणून पुस्तिकेत गृहीत धरलंय की तुमच्याकडे आमचा चेनमेल नावाचा लढाईचा खेळ आहेच. रानावनातल्या प्रवासासाठी एका तिसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट वापरा असंही सांगितलंय. वीस बाजूंच्या फाशाने वार करायची जी पद्धत पुढे या खेळाची ओळख झाली, ती तिथे 'पर्यायी' म्हणून दिली आहे. आधी वार कोणी करायचा हे नीट सांगितलेलंच नाही.

मला ते वाचताना राग आला नाही. वाड्यातल्या मोठ्या मुलांनी डबा ऐसपैसचे नियम वहीत लिहिले असते तर असेच लिहिले असते. चौक कुठला, डबा कुठे ठेवायचा, हे कशाला लिहायचं? सगळ्यांना माहीतच आहे. गायगॅक्सच्या टेबलावर बसलेल्याला पुस्तिका पुरायची, कारण गायगॅक्स समोर होता. पण पुस्तक टेबलापेक्षा लांब जातं. ते अशा गावात पोचलं जिथे शेजारी बसून सांगणारी ताई नव्हती, आणि तिथे ते अर्धं मुकं झालं.

लांबच्या वाचकांपैकी दोघांनी स्वतःच काहीतरी केलं, आणि या इतिहासातली ही दोन माणसं मला सगळ्यात जवळची वाटतात. एक केन सेंट आंद्रे. फिनिक्स शहरातला ग्रंथपाल. त्याने या पुस्तिका वाचल्या, कल्पना आवडली, नियम पटले नाहीत, आणि १९७५ मध्ये त्याने टनेल्स अँड ट्रोल्स हा आपला खेळ काढला. फासे कुठले, तर घरात असतात तेच, सहा बाजूंचे. पुढच्याच वर्षी त्या खेळासाठी रिक लूमिसने एकट्याने खेळायचं साहस लिहिलं: परिच्छेदांना क्रमांक, डावीकडे गेलात तर अमुक परिच्छेद वाचा. सूत्रधार मिळत नाही ना, मग पुस्तकच सूत्रधार होईल.

दुसरा जे. एरिक होम्स. तो मेंदूविकारतज्ज्ञ, विद्यापीठात शिकवणारा. त्याने प्रकाशकांना कळवलं की तुमच्या खेळाची नवशिक्यांसाठी प्रवेशिका हवी, आणि ती मी लिहून देतो. १९७७ ची पहिली 'बेसिक' पेटी ती त्याची. त्याने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याने कापलं. पात्राच्या पहिल्या तीन पायऱ्यांपुरताच खेळ ठेवला. बाकीचं नंतर. शिकवणाऱ्या माणसाला काय वगळायचं ते कळतं. मला वाटतं, खेळ बनवणाऱ्याला ते कळणं फार अवघड आहे, कारण त्याला प्रत्येक नियम लेकरासारखा असतो.

होम्सच्या पेटीत काही काळ माइक कारचं एक साहस घालून मिळायचं, नव्या सूत्रधारांसाठी. त्यात भुयाराच्या खोल्यांची वर्णनं आहेत, पण कोणत्या खोलीत कोणता राक्षस आणि कोणता खजिना ही जागा कोरी सोडलेली. मागे याद्या दिल्यात, त्यातून निवडून आपण भरायचं. ते पान उघडलं आणि मला चौथीची प्रश्नपत्रिका दिसली: गाळलेल्या जागा भरा. सूत्रधार कसं व्हावं यावर चाळीस पानं उपदेश करण्यापेक्षा कोऱ्या खोल्या भरायला देणं किती शहाणपणाचं! भरता भरता तो खोलीचा विचार करायला लागतो. दारामागे कोण आहे, त्याला भूक लागलीय का, पलीकडच्या खोलीतला आवाज त्याला ऐकू जाईल का.

मग मी १९८३ च्या लाल पेटीकडे आले, आणि इथे मला थांबावंच लागेल.

ही पेटी फ्रँक मेंट्झरने लिहिली. झाकणावर लॅरी एल्मोरने काढलेला ड्रॅगन. आतल्या खेळाडूंच्या पुस्तिकेवर ठळक सूचना, हे पुस्तक आधी वाचा. आणि आत नियम नाहीत. गोष्ट आहे. तू एक योद्धा आहेस, तुझ्या गावाजवळ गुहा आहेत, तू तिकडे निघाला आहेस. गुहेत एक गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस, समोर येतो, तेव्हा वार कसा करायचा ते कळतं, कारण तेव्हा ते हवंच असतं. पुढे साप येतो, आणि विषापासून वाचायचा फासा कळतो. मग अलीना नावाची एक साध्वी भेटते. ती जखमा बऱ्या करते, तुझ्याशी बोलते, आपण कोण, आपली विद्या कशी चालते ते सांगते. एका पेशाचा अख्खा धडा एका मैत्रिणीच्या तोंडून आपल्यापर्यंत येतो. दोघं मिळून पुढे जातात. आणि मग बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिला मारतो.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, फासे हातात घेऊन बसले होते. अलीना गेली तेव्हा मी टॅबलेट पालथा ठेवला आणि पाणी प्यायला उठले. परत येऊन बसले तर बार्गल माझ्यावर मोहिनी टाकत होता आणि पुस्तक म्हणत होतं, बचावाचा फासा टाक. बचावाचा फासा म्हणजे काय, हे ३२० पानांच्या पुस्तकात मी तीनदा वाचलं होतं आणि तीनदा विसरले होते. त्या रात्रीनंतर विसरले नाही. माझ्या मनावर कुणीतरी ताबा मिळवू बघतंय आणि मी तो झुगारायचा प्रयत्न करतेय: हा बचावाचा फासा.

दोन वर्षं आधीच्या, १९८१ च्या टॉम मोल्डवेच्या ६४ पानी पुस्तकातही असाच एक मृत्यू आहे. तिथे पुस्तकाच्या शेवटाकडे, खेळ प्रत्यक्ष कसा चालतो याचा संवाद दिलाय, टेबलावरची माणसं बोलतात तसा. त्यात ब्लॅक डूगल नावाचा चोर पेटीतल्या विषारी सुईने मरतो. सुईच्या सापळ्याचा नियम मी कुठे वाचला ते सांगता येणार नाही, पण डूगल आठवतो.

यात एक गोष्ट मला फार नाजूक हाताने केलेली वाटली. दोन्ही ठिकाणी मरतं ते दुसरंच पात्र, वाचक नव्हे. खेळात जीव जाऊ शकतो हे त्याला कळतं, पण पहिल्याच संध्याकाळी त्याचा जीव जात नाही. राज्य त्याच्यावर येत नाही. मेंट्झरने त्याला कच्चा लिंबू धरलं होतं. विस्कॉन्सिनमधल्या त्या माणसाने आमच्या वाड्यातली गोष्ट केली होती.

पण माझा मेंट्झरवर थोडा आक्षेपही आहे. अलीनाच्या गोष्टीतून शिकल्यावर दुसऱ्या रविवारी मध्येच एखादा नियम शोधायचा असला, तर तो गोष्टीच्या पोटात कुठेतरी असतो आणि सापडत नाही. मोल्डवेचं पुस्तक तसं नाही. ते कोरडं आहे, पण टेबलावर उघडं पडलेलं असताना बोट लगेच योग्य ओळीवर जातं. शिकायचं पुस्तक आणि शोधायचं पुस्तक या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि बहुतेक नियमपुस्तकं दोन्ही कामं एकाच मजकुराकडून करून घ्यायला जातात. माझ्या ३२० पानांच्या पुस्तकाचं दुखणं तेच होतं. सुरुवातीला खेळाची चार पानांची ओळख, मग थेट पात्र बनवायची भलीमोठी प्रकरणं, आणि खेळायचं कसं याचे मुख्य नियम निम्मं पुस्तक उलटल्यावर. म्हणजे शिकणाऱ्याला उशिरा. मागे सूची आहे ती मुंगीएवढ्या टाइपात, आणि तीही अनेकदा पान सांगायच्या ऐवजी दुसऱ्या शब्दाकडे पाठवते. म्हणजे शोधणाऱ्यालाही उशिरा. २०२४ च्या नव्या आवृत्तीत त्यांनी खेळायचं प्रकरण पहिलं आणलं आणि शेवटी अकारविल्हे नियमकोश दिला. पन्नास वर्षांनी. मला खरंच आनंद झाला.

माझ्या कामात ही गोष्ट मी एका पंपामुळे शिकले होते. एका कंपनीच्या पुस्तिकेत, पंप सुरू करायच्या आधी त्यात पाणी भरून आतली हवा काढायची, ही सूचना चौदाव्या पानावर होती. हमीची पानं, सुट्या भागांची यादी, मग ती. पंप कोरडे चालायचे आणि आतलं सील जळायचं. लेखन चूक नव्हतं, वाक्य सोपं होतं. फक्त ते शेतकऱ्याच्या हातात यायची वेळ चुकली होती. आम्ही एक चित्र काढून ते पाणी भरायच्या झाकणालाच चिकटवलं. वाक्य जिथे लागतं तिथे. लाल पेटी वाचताना मला ते झाकण आठवत राहिलं.

शब्दांचा मामला त्याहून अवघड. 'लेव्हल' हा शब्द घ्या. या खेळात पात्राची लेव्हल असते, मंत्राची लेव्हल असते, भुयाराची असते, राक्षसाचीही असायची. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराला पाचव्या लेव्हलचा मंत्र येत नाही, तिसऱ्या लेव्हलचा येतो. हे नव्या माणसाला समजावून बघा. गायगॅक्सला हे कळलेलं होतं. १९७८ च्या पुस्तकात त्याने स्वतः लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या अर्थांना वेगवेगळे शब्द वापरायचा विचार होता, पण 'लेव्हल' रुळून गेल्याने तोच ठेवला. रुळून गेला कोणाच्या तोंडी? आधीपासून खेळणाऱ्यांच्या. १९७८ मध्ये ते थोडे होते, त्यांना बदल पचला असता. आता ते लाखोंनी आहेत.

'टर्न'चं तसंच. जुन्या पुस्तकांत टर्न म्हणजे दहा मिनिटांचा काळ. आमची मुलं 'माझा टर्न' म्हणतात तेव्हा त्यांना पाळी म्हणायचं असतं. आताच्या आवृत्तीत टर्न म्हणजे पाळीच आहे, बरं झालं.

मुलांसाठी मराठीत नियम लिहायला बसले तेव्हा हा गोंधळ मला फुकटात सुटला. मराठीत लिहिताना एकाच शब्दावर चार अर्थ लादायची सवय माझ्या हाताला नव्हती. पात्राची पायरी, मंत्राची धार, भुयाराचा मजला. टर्नला पाळी, राउंडला फेरी. डंजन मास्टरला सूत्रधार हा शब्द तर जणू वाटच बघत होता. आपल्या नाटकातला सूत्रधारही प्रयोगाची सुरुवात करून देतो आणि बाकीचं पात्रांवर सोपवतो. 'हिट पॉइंट्स'पाशी, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं त्या आकड्यापाशी, मी अडले. आधी 'प्राण' लिहिलं. भाचा म्हणाला, प्राण कमी-जास्त कसे होतील, असतात किंवा नसतात. मग 'दम' लिहिलं. "तुझा दम किती उरलाय?" हे वाक्य कोणत्याही मुलाला समजावून सांगावं लागलं नाही.

आणि फाशाची दिशा. हे मला आधी क्षुल्लक वाटलं होतं. आपली मुलं ल्युडो खेळून आलेली असतात, सापशिडी खेळून आलेली असतात. सहा पडले की हात वर जातो. मोठा आकडा म्हणजे चांगलं, हे त्यांच्या मनगटात असतं. जुन्या डी अँड डीमध्ये वाराला मोठा आकडा हवा, काही कसोट्यांना लहान हवा, आणि चिलखताचा आकडा तर जितका कमी तितकं चिलखत भक्कम: ९ म्हणजे उघडा, २ म्हणजे पोलादी पत्रा आणि ढाल. तिसऱ्या आवृत्तीने हे सगळं एका बाजूला वळवलं, मोठं ते चांगलं. त्या एका दुरुस्तीने किती जणांचं शिकणं सोपं केलं असेल! नव्याने येणारा माणूस कोरा नसतो. तो काहीतरी खेळून आलेला असतो, आणि ते पुस्तकाने वापरून घ्यायला हवं.

त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीसाठी मी जो खेळ निवडला, त्यात एक अडचण मला माहीत असून मी पत्करली. आयझॅक विल्यम्सचा माउसरिटर. त्यात सगळी पात्रं उंदीर असतात. तीन गुण, शक्ती, चपळाई, मनोबल. कसोटी लागली की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि आपल्या गुणाएवढा किंवा त्याहून कमी आकडा आला की जमलं. म्हणजे इथे लहान चांगलं. तरीही मी तोच घेतला, तो त्यातल्या सामानासाठी. उंदराच्या कागदावर दहा चौकोन आखलेले असतात: दोन पंज्यांचे, दोन अंगावरचे, सहा पिशवीतले. सुई, दोरा, काडेपेटी, अन्न, प्रत्येकाची कागदी चिठ्ठी असते आणि ती त्या चौकोनात ठेवायची. जागा संपली की संपली. आणि भूक लागली तर 'भुकेला' ही चिठ्ठीही त्याच चौकोनात येऊन बसते. ओझ्याचा नियम वेगळा नाही, भुकेचा नियम वेगळा नाही. समोर दिसतं की जागा नाही. शिकवायला मला एक वाक्यही लागलं नाही. अपोकॅलिप्स वर्ल्ड या २०१० च्या खेळात व्हिन्सेंट बेकरने प्रत्येक पात्राला लागणारे नियम त्या पात्राच्या कागदावरच छापले, तेही याच जातीचं काम. आठवणीवरचा भार कागदाने उचलायचा.

मी मराठीत चार पानं लिहिली. पहिल्या पानावर खेळाची ओळख, दुसऱ्यावर उंदीर कसा बनवायचा, तिसऱ्यावर लढाई, चौथ्यावर संकटं. लिहून झाल्यावर ती वहिनीला दिली. वहिनीने आयुष्यात असला खेळ बघितलेला नाही. मी तिच्यासमोर बसले आणि तोंड बंद ठेवलं. पंपाच्या पुस्तिका तपासताना आम्ही असंच करतो: वाचणारा अडला तरी बोलायचं नाही, फक्त कुठे अडला ते टिपायचं. फार कठीण असतं ते. वहिनी दुसऱ्या पानावर थांबली, पहिल्याकडे परत गेली, कपाळाला आठ्या. "कसोटी कधी लागते ते कळलं नाही, दर वेळी फासा टाकायचा का?" अख्ख्या खेळाचं मर्म होतं ते, आणि मी ते गृहीत धरून गेले होते. मलाही आता खेळ येत होता ना. मी वाड्यातली मोठी मुलगी झाले होते.

मी लिहिलं: जमेलच अशी गोष्ट असेल तर फासा नको. जमणारच नाही अशी असेल तरी नको. शंका असेल आणि फसलं तर काही बिघडणार असेल, तेव्हाच फासा.

सुट्टीत तीच पाच मुलं आली. या वेळी मी उंदीर बनवून झाल्यावर दुसरं काही सांगितलंच नाही. उंदीर दहा मिनिटांत झाले. जुन्या वाड्याच्या माळ्यावर तुम्ही राहता, दिवाळीच्या फराळाचे डबे खाली कोठीत आहेत, आणि कोठीच्या दारात मांजर झोपलंय. एक म्हातारा उंदीर तुमच्याबरोबर येतोय, त्याला वाट माहीत आहे. बोला. लढाईचं पान मी उलटं ठेवलं होतं. ते पहिल्यांदा सुलटं झालं तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती, आणि पाचही डोकी एकदम त्यावर वाकली. वाट दाखवणारा म्हातारा तोवर गेला होता. अकरा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या फाशावर १९ पडले. तिने हात वर केला आणि मग चिठ्ठीकडे बघून तो हळूच खाली घेतला. तिला ते पुन्हा सांगावं लागलं, दोनदा. पण १६ चं काय करायचं असं तिने विचारलं नाही, कारण तिची चपळाई ९ होती आणि ९ हाच आकडा ती दर वेळी वापरत होती.

तासाभराने कुणाचातरी धाकटा भाऊ आला, सात वर्षांचा. त्याला काहीच माहीत नव्हतं. "हा कच्चा लिंबू," भाचा म्हणाला, आणि त्याला एक उंदीर दिला गेला. कोणी त्याला नियम सांगितले नाहीत. मांजराच्या मिशीला दोरा बांधायची कल्पना त्याची होती.

माझी चार पानं त्यांनी जाताना नेली. पुढच्या रविवारी परत आली तेव्हा कडा दुमडलेल्या, एका कोपऱ्यावर चिवड्याचं तेल. पहिल्या पानावर खेळाची ओळख करून देणारे माझे दोन परिच्छेद होते, जे मी सगळ्यात जास्त वेळा घासूनपुसून लिहिले होते. त्यांच्यावर आडवी पेन्सिलची रेघ मारलेली, आणि वर त्या मुलीच्या गोल अक्षरात: "हे आधी वाचू नका. आधी उंदीर काढा."

मी तो कागद समोर ठेवून पहिलं पान नव्याने टाइप केलं. आता सुरुवात तिच्या वाक्याने आहे, आणि त्याखाली उंदीर काढायला मोकळा चौकोन.